एका बाटलीची प्रयोगशाळा

"प्रयोगातून विज्ञान शिकवा म्हणता, पण आमच्या शाळेत प्रयोगशाळाच नाही. मग मुलांनी प्रयोग करायचे कशावर?" हा प्रश्न शिक्षक विचारतात. पालकांचा प्रश्न वेगळा असतो: "प्रयोगातच तास गेला तर पोर्शन कधी संपणार?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिल्याचं उत्तर आधी पाहू, दुसऱ्याकडे शेवटी वळू.

पहिल्याचं उत्तर लोणावळ्यात तरी रस्त्यावर पडलेलं असतं. पावसाळ्यात शनिवार-रविवारी भुशी धरणावर गर्दी लोटते आणि मागे पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांचा खच ठेवून जाते. त्यांतल्या चार-पाच बाटल्या, एक खिळा, पट्टी, उदबत्ती आणि पाण्याची बादली. या प्रकरणातले बहुतेक प्रयोग एवढ्यावर होतात.

१. सोळा शाळा आणि एक इंजिनिअर

स्वस्तातली प्रयोगशाळा ही कल्पना आजची नाही. १९७२ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी सोळा सरकारी शाळांतल्या सहावी ते आठवीच्या मुलांसाठी एक कार्यक्रम सुरू केला. मुलांनी गटात बसून प्रयोग करायचे, नोंदी ठेवायच्या, त्यांवर वाद घालायचा आणि निष्कर्ष आपला आपण काढायचा. परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची परवानगी होती, कारण पाठांतर तपासायचंच नव्हतं. १९७८ मध्ये हा कार्यक्रम जिल्हाभर पसरला आणि २००२ मध्ये सरकारने तो बंद केला. तीस वर्षं चाललेला उपक्रम एका आदेशाने थांबतो, हेही या विषयात लक्षात ठेवावं लागतं.

याच कार्यक्रमात १९७८ साली पुण्याहून एक तरुण इंजिनिअर जाऊन मिळाला. अरविंद गुप्ता त्याचं नाव. आयआयटी कानपूरची पदवी, टेल्कोतली नोकरी, आणि त्या नोकरीतून घेतलेली रजा. तिथे त्यांनी सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी आणि काड्यापेटीतल्या काड्या यांची सांगड घातली. नळीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे आणि त्यांत दोन्हीकडून काड्या खुपसायच्या, की सांधा तयार. पुढे पुण्यात, डॉ. जयंत नारळीकरांनी उभ्या केलेल्या आयुका या संस्थेत पु. ल. देशपांडे यांच्या नावाची मुक्तांगण विज्ञान शोधिका उभी राहिली. तिथे गुप्तांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी केली, मुलांकडून करवून घेतली आणि त्यांच्या कृती सगळ्यांसाठी फुकट खुल्या केल्या. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

तेव्हा खर्च ही अडचण पन्नास वर्षांपूर्वीच निकालात निघाली आहे. खरी अडचण दुसरीच आहे.

२. हात चालले म्हणजे प्रयोग झाला?

हल्ली सुट्टीतल्या शिबिरांत आणि बाजारातल्या खोक्यांत 'प्रयोग' भरपूर मिळतात. ज्वालामुखी फसफसतो, रंगीत पाणी चढतं, मुलं खूश होतात. पण खोक्यात सूचना असते: हे घाला, ते ढवळा, आता असं होईल. ही पाककृती झाली. शिरा पुस्तकात सांगितल्यासारखा झाला तर छान, नाही झाला तर बिघडला. प्रयोगाचं तसं नसतं. प्रयोगात आधी मुलाने अंदाज सांगायचा असतो, आणि तो चुकायची पुरती सोय असावी लागते. जिथे अंदाज चुकूच शकत नाही तिथे हात चाललेले असतात, डोकं नाही.

काड्यांचा चौकोन घ्या. चार काड्या, नळीचे चार तुकडे. मुलांना विचारा: हा उभा धरून कोपऱ्यावर बोट दाबलं तर काय होईल? बहुतेक जण म्हणतात, "काडी मोडेल." काडी मोडत नाही, चौकोन तिरका होतो आणि आडवा पडतो. आता त्रिकोण करून दाबा. तो हलतही नाही. मग विचारायचं: चौकोनाला ताठ करायला कमीत कमी किती काड्या लागतील? कुणी चार सांगतं, कुणी दोन. एक तिरकी काडी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लावली की काम होतं. (ती बाकीच्यांपेक्षा लांब हवी, हे लावताना आपोआप कळतं आणि पुढे पायथागोरस भेटेल तेव्हा उपयोगी पडतं.) मग वर्गाबाहेर जाऊन खंडाळ्याच्या डोंगरावरचे विजेचे मनोरे बघावेत. त्यांत चौकोन शोधा म्हटलं तर सापडतो, पण प्रत्येकाच्या पोटात तिरकी पट्टी असतेच.

३. बाटली घाट उतरते

हवेला वजन असतं, हे वाक्य चौथी-पाचवीपर्यंत सगळ्यांचं पाठ होतं. त्यावर विश्वास मात्र कुणाचाच नसतो. "आपल्या वर्गातल्या सगळ्या हवेचं वजन किती असेल?" असं विचारलं तर उत्तरं पाव किलोपासून फार तर दोन किलोपर्यंत जातात. हिशेब सोपा आहे. वर्ग सहा मीटर लांब, पाच मीटर रुंद, तीन मीटर उंच धरला तर आत ९० घनमीटर हवा झाली. लोणावळ्याच्या उंचीवर एक घनमीटर हवेचं वजन साधारण १.१ किलो भरतं. म्हणजे वर्गात सुमारे क्विंटलभर हवा आहे! पोरं अशा वेळी छताकडे बघतात.

वजन आहे तर ते कुठेतरी पडतही असणार. आपण हवेच्या तळाशी राहतो आणि वरच्या सगळ्या हवेचं ओझं आपल्यावर असतं. त्यालाच हवेचा दाब म्हणतात. उंचावर गेलं की डोक्यावरची हवा कमी होते, दाबही कमी होतो. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंच आहे. खोपोली-कर्जत घाटाच्या पायथ्याशी. मधे साडेपाचशे मीटरची हवा आहे, आणि ती तपासायला बोरघाटासारखी दुसरी जागा नाही.

लोणावळ्यात एक लिटरची पातळ प्लॅस्टिकची बाटली रिकामी करा, झाकण घट्ट लावा आणि घाट उतरा. निघण्यापूर्वी अंदाज लिहून घ्या: बाटली फुगेल, चेपेल की तशीच राहील? खाली पोचेपर्यंत ती कुणीतरी मुठीत दाबल्यासारखी आत गेलेली असते. आत अजून लोणावळ्याची विरळ हवा आहे, बाहेरून खोपोलीची दाट हवा रेटते आहे. उलट दिशेने, मुंबईहून येताना, वेफर्सची पिशवी टम्म फुगते. घाटात कानांना दडे बसतात तेही याच कारणाने.

किती चेपली तेही मोजता येतं. बाटली उलटी धरून तोंड बादलीतल्या पाण्यात बुडवा आणि पाण्याखालीच झाकण उघडा. बाटली टणकन पूर्ववत होते आणि पाणी आत खेचलं जातं. ते पाणी तापाच्या औषधाच्या मापाने मोजा. साडेपाचशे मीटर हवेचं ओझं दर चौरस सेंटिमीटरवर साठ-पासष्ट ग्रॅम भरतं, म्हणजे एकूण दाबाच्या सहा-सात टक्के. त्या हिशेबाने लिटरच्या बाटलीत साठ-पासष्ट मिलिलिटर, म्हणजे चार मोठे चमचे पाणी शिरायला हवं.

प्रत्यक्षात बहुधा कमी शिरतं, आणि मला या प्रयोगातला हाच भाग सगळ्यात आवडतो. खाली उकाडा असतो. बाटलीतली हवा गरम झाली की ती फुगते, दर तीन अंशांना साधारण एक टक्का. खोपोली लोणावळ्यापेक्षा सहा अंशांनी गरम असेल तर वीस मिलिलिटरचा फरक तिथेच पडला. मुलांनी विचारलं की "मग आपलं चुकलं का?", तर बाटली दहा मिनिटं गार पाण्यात धरून मग उघडायला सांगावं.

४. तीन भोकं

आता पाणी. बाटली पाण्याने भरा आणि खिळ्याने एकाखाली एक तीन भोकं पाडा. तिन्ही धारांपैकी सगळ्यात लांब कोणती जाईल? अनेक पुस्तकांत याचं चित्र असतं: तळची धार सगळ्यात लांब, वरची सगळ्यात आखूड, कारण खोल गेलं की पाण्याचा दाब वाढतो. कारण बरोबर आहे. चित्र मात्र बऱ्याचदा चूक असतं.

बाटली जमिनीवर ठेवा. पाण्याची उंची २४ सेंटिमीटर, भोकं तळापासून ६, १२ आणि १८ सेंटिमीटरवर. वरून पाणी ओतत राहून पातळी तेवढीच ठेवा. धारा जमिनीवर कुठे पडतात तिथे खडूने खूण करा. लांब जाते ती मधली! वरची आणि तळची जवळजवळ एकाच ठिकाणी पडतात. हिशेबाने मधली २४ सेंटिमीटरवर, बाकीच्या दोन्ही २१ च्या आसपास. भोकाच्या कडा ओबडधोबड असतील तर आकडे थोडे इकडेतिकडे होतात, क्रम सहसा बदलत नाही.

असं का? तळची धार वेगात सुटते खरी, पण तिला पडायला उंचीच उरलेली नसते. पुढे सरकायच्या आत ती जमिनीला टेकते. वरच्या धारेला वेळ भरपूर, वेग कमी. मधलीकडे दोन्ही बेताचे आहेत आणि तिचं जमतं. आता तीच बाटली स्टुलावर ठेवा आणि धारा खाली जमिनीवर पडू द्या. सगळ्यांनाच पडायला वेळ मिळाला, आणि पुस्तकातलं चित्र खरं झालं: तळची सगळ्यात लांब.

पुस्तक चूक आणि बाटली बरोबर, असं झालं की सातवीच्या वर्गात जो गोंधळ उडतो तो बाईंनी पाच मिनिटं तरी थांबवू नये. "पुस्तकात चुकीचं छापलंय" इथून सुरुवात होऊन "पुस्तकवाल्यांनी स्टूल घेतला असेल" इथपर्यंत वर्ग आपला आपण येतो.

खोलीबरोबर दाब वाढतो, याचा सगळ्यात मोठा दाखला लोणावळ्याच्या मुलांच्या घराजवळच आहे. वळवण, लोणावळा आणि शिरवता इथल्या टाटांच्या धरणांचं पाणी नळांतून घाटाखाली खोपोलीच्या वीजघरात सोडलं जातं. १९१५ पासून ही वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. उतार पाचशे मीटरहून अधिक. दहा मीटर पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला एक किलो होतो, तेव्हा पाचशे मीटरखाली तो पन्नास किलोंवर जातो. नखाएवढ्या जागेवर गव्हाची एक गोण. त्या जोरावर चक्र फिरतं आणि चक्रावर जनित्र.

५. बाटलीतला ढग

लोणावळ्यात ढग वर्गाच्या खिडकीतून आत येतो. तो बनतो कसा, हे मात्र बाटलीतच नीट दिसतं.

दोन लिटरच्या बाटलीत चमचाभर कोमट पाणी घाला, हलवा, झाकण लावा. दोन्ही हातांनी जोरात दाबा आणि एकदम सोडा. काही दिसत नाही, फार तर किंचित धुरकट. आता झाकण काढून उदबत्तीचा धूर थोडासा आत जाऊ द्या आणि पुन्हा तेच करा. सोडताक्षणी बाटलीत पांढरं धुकं भरतं, दाबलं की नाहीसं होतं, सोडलं की परत येतं. (उदबत्ती मोठ्यांच्या हातात.)

इथे मागच्या प्रयोगांना न लागलेली एक शिस्त शिकवता येते: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पाणी तेच, दाबणारे हात तेच, फरक फक्त धुराचा. म्हणजे ढगाला वाफेशिवाय आणखी काहीतरी लागतं, ज्यावर थेंब धरता येईल असे बारीक कण. खऱ्या ढगाला ते धुळीतून आणि समुद्राच्या मिठातून मिळतात. दाब सोडल्यावर ढग का येतो? हवा एकदम फुगली की गार होते, आणि गार हवेत वाफ मावत नाही.

आता पुन्हा घाटाकडे. अरबी समुद्रावरून आलेला ओला वारा सह्याद्रीच्या भिंतीला थडकतो आणि त्याला वर चढावंच लागतं. वर दाब कमी, म्हणून हवा फुगते, गार होते, ढग दाटतो आणि घाटमाथ्यावर कोसळतो. बाटली सोडणारे हात म्हणजे इथे बोरघाटाची चढण.

६. लोणावळा, मळवली, कामशेत, वडगाव

ही चढण संपली की वारा पूर्वेकडे उतरतो आणि कोरडा होत जातो. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, पासष्ट किलोमीटरवरच्या पुण्यात सातशेच्या आसपास. एका लोकलच्या प्रवासात एवढा फरक! मावळ तालुक्यातल्या शाळांना हा फरक स्वतः मोजता येईल, आणि माझ्या मते या तालुक्यातल्या मुलांसाठी याहून चांगला प्रयोग नाही.

आधी एक गोष्ट पक्की करावी लागते. "आज १०० मिलिमीटर पाऊस झाला" याचा अर्थ काय? पावसाचं पाणी वाहून गेलं नाही, मुरलं नाही, सुकलं नाही, तर सपाट अंगणात दहा सेंटिमीटर उंच साचलं असतं. तेवढंच. मुलांना वाटतं की मोठ्या तोंडाच्या भांड्यात जास्त पाऊस पडतो. तेव्हा पावसात तीन भांडी शेजारी शेजारी ठेवा: सरळ भिंतीचा पत्र्याचा डबा, सरळ भिंतीची लहान बरणी आणि वर रुंद, खाली निमुळती बादली. डब्यात आणि बरणीत पाण्याची उंची सारखी भरते, बादलीत जास्त. डब्याचं तोंड मोठं म्हणून पाणी जास्त येतं, पण त्याचा तळही तेवढाच मोठा आहे. बादली मात्र रुंद तोंडाने गोळा करून अरुंद तळात साठवते, म्हणून ती फसवते.

आता पर्जन्यमापक. दोन लिटरची बाटली, जिथे तिची भिंत सरळ होते तिथे कापा. वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा. तळ खड्डेखुड्डे असतो, म्हणून आत बारीक खडे टाकून सरळ भिंतीपर्यंत पाणी भरा आणि तिथे शून्याची रेघ मारा. वर पट्टी चिकटवा. झाडं आणि इमारतींपासून लांब, पागोळ्या पडणार नाहीत अशा जागी ठेवा आणि विटांनी टेका द्या, नाहीतर जुलैतला वारा ती घेऊन जाईल. हवामान खातं सकाळी साडेआठला पाऊस मोजतं, आपणही तीच वेळ धरावी. लोणावळ्यात एक अडचण हमखास येते: बाटलीत जेमतेम दीड-दोनशे मिलिमीटर मावतात आणि जोराच्या दिवशी ती भरून वाहते. तिथल्या शाळेने संध्याकाळीही एकदा मोजून रिकामी करावी आणि दोन्ही आकड्यांची बेरीज घ्यावी.

आकडा हाती आला की घरचे हिशेब सुचतात. वीस चौरस मीटरच्या पत्र्यावर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे २० गुणिले ०.१, दोन घनमीटर, दोन हजार लिटर. पन्हळीखाली हजार लिटरची टाकी ठेवली तर एका दिवसात दोनदा भरेल. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या वाडीतल्या मुलांना हा आकडा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

खरी मजा चार-पाच शाळांनी एकत्र येण्यात आहे. लोणावळा, मळवली, कामशेत, वडगाव, तळेगाव: लोहमार्गावरच्या या गावांनी एकाच दिवशी, एकाच वेळी मोजायचं आणि फोनवरून आकडे एकमेकांना कळवायचे. महिनाभराची बेरीज आलेखावर मांडली की सह्याद्रीचा उतार कागदावर उमटतो. हा पट्टा भाताचाही आहे: १९८७ मध्ये इंद्रायणी तांदूळ बाहेर पडला तो वडगावच्या भात संशोधन केंद्रातूनच. ज्यांच्या घरी आवण लावायची लगबग असते त्या मुलांना पावसाचा आकडा हा नुसता आकडा वाटत नाही.

७. आणि पोर्शन?

आता पालकांचा प्रश्न. महाराष्ट्रात तिसरी ते पाचवीला परिसर अभ्यास आहे, सहावीपासून सामान्य विज्ञान. हवेचा दाब, पाण्याची रूपं, जलचक्र, मापन, आलेख हे सगळं त्यातच आहे, आणि पुस्तकांत 'करून पहा'च्या चौकटीही आहेत. वर्गात त्या बहुधा वाचून दाखवल्या जातात. तीन भोकांच्या बाटलीला एक तास लागतो हे खरं, पण त्या तासात द्रवाचा दाब, मापन आणि आलेख असे तीन ठिकाणचे तुकडे एकदम होतात. सगळेच धडे असे करता येत नाहीत. पचनसंस्था आणि ग्रहमाला वाचूनच शिकाव्या लागतात, तिथे उगाच थर्मोकोलचे गोळे रंगवत बसण्यात अर्थ नाही.

शिक्षकांची भीती याहून खोल असते: मुलाने असं काही विचारलं की ज्याचं उत्तर आपल्याला येत नाही, तर? समजा कामशेतच्या बाटलीत एखाद्या दिवशी मळवलीपेक्षा जास्त पाऊस भरला. सर म्हणतील, "चुकलं असेल, खोडा." ते खोडू नये. मळवलीची बाटली झाडाच्या आडोशाला होती का, कामशेतला कुणी नळाखाली भांडी धुताना पाणी उडालं का, की खरोखरच तिथे एक ढग जास्त बरसला? दुसऱ्या दिवशी दोन्ही शाळांनी दोन-दोन बाटल्या लावाव्यात. शेजारी ठेवलेल्या दोन बाटल्यांत फरक किती पडतो ते आधी कळलं, की दोन गावांतला फरक खरा की मोजमापाचा, हे ठरवता येतं.

वहीत रकाने चार: तारीख, आदल्या दिवशीचा अंदाज, मोजलेला आकडा, शेरा. अंदाज शाईने लिहायचा, म्हणजे नंतर दुरुस्त करायचा मोह होत नाही. ज्या दिवशी बाटली ओसंडली त्या दिवशी आकड्याच्या रकान्यात 'भरून वाहिली' असं लिहायचं, आणि शेऱ्यात ती किती वाजता पाहिली ती वेळ.